माटोळीतली निवडुंगाची बोंडं

गोव्यातल्या नार्वे गावच्या चवथीला, म्हणजे गणपतीला, मी पहिल्यांदा गेलो तो मित्राच्या आग्रहाने. दुसऱ्यांदा गेलो तो सूड घ्यायला.

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली नाना फळं बांधतात. ती माटोळी. ज्याची माटोळी भरगच्च, त्याची मान वाडीत ताठ. आम्ही मंगळवेढ्याकडचे, आमच्या गणपतीच्या डोक्यावर पत्रा. मी आ वासून वर बघत असताना शेजारचे काका एका केशरी फळाकडे बोट दाखवून म्हणाले, "खा रे घाट्या, गोड असतं."

मी तोडलं आणि चावलं. ते कवंडाळ. इतकं कडू, की माझ्या आजोबांनी वर स्वर्गात चूळ भरली असेल. शिवाय विसर्जनाआधी माटोळीचं फळ तोडायचं नसतं, हे मला सोडून सगळ्या वाडीला ठाऊक. मित्राच्या आईने देवापुढे हात जोडून माफी मागितली. काकांनी मात्र हा किस्सा साखळीच्या बाजारात सांगितला आणि बसने वाळपईपर्यंत पोचवला.

वर्षभर मला साखरसुद्धा कडू लागली.

पुढच्या चवथीला मी आमच्या बांधावरची निवडुंगाची बोंडं नेली. लालभडक. त्यांवर केसाहून बारीक कुसळं असतात, दिसत नाहीत. मित्राच्या घरच्यांना बजावलं, "हात लावू नका," आणि फडक्याने धरून त्यांच्या माटोळीला स्वतः बांधली. अर्धा तालुका बघायला लोटला. शेवटी काकाही आले. त्यांच्या माटोळीत नसलेलं फळ दुसऱ्याकडे, हे त्यांना सोसेना.

"हें कितें रे?"

"आमच्याकडचं फळ, काका. गोड असतं." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मेणाचें दिसता," म्हणत त्यांनी खरंखोटं करायला दोन्ही हातांनी ते चांगलं दाबून बघितलं.

लगेच आरती सुरू झाली. काका वाडीतले घुमट वाजवणारे; घुमट म्हणजे गळ्यात अडकवून हाताने बडवायचं मातीचं वाद्य. त्यांच्याशिवाय देव उठत नाही, असं तेच सांगत. पहिली थाप पडली आणि हात विस्तवावरून उचलावा तसा वर गेला. दुसरी पडलीच नाही. घुमट पुतण्याच्या गळ्यात गेलं. मी टाळ्या अशा वाजवल्या की माटोळी हलली.

पंगतीत काकांना घास उचलता येईना. मी नेवरी, म्हणजे आमच्याकडची करंजी, त्यांच्या ओठांशी नेली.

"खा काका, गोड असतं."

त्यांनी नेवरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. सगळी पंगत उठली तरी ते तसेच उपाशी बसले होते. मी मात्र त्यांच्या वाटच्याही नेवऱ्या खाल्ल्या.