अभिषेकाचा पाईप

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी घरात बियरचा नळ बसवायचं ठरवलं. पोलादी पिंप, गॅसचा छोटा सिलिंडर, चकचकीत नळ, सगळं खोक्यातून आलं आणि माझ्यापासून लपवायला माळ्यावर गेलं. तिथे उंदरांनी पिंपापासून नळापर्यंतची नळी कुरतडली. म्हणून मला कळलं.

"कोणासाठी हा उपद्व्याप?" मी विचारलं. म्हणे, मुलगा येतोय.

कॉलेजात असताना तो एकदा बियर पिऊन आला, तर ह्यांनी त्याला आमच्या दर्पण कॉलनीच्या भर रस्त्यात थोबाडीत मारली होती. तेव्हापासून बापलेक "जेवलास का", "जेवलो" ह्यापलीकडे बोलत नाहीत. माफी मागायला तोंड उघडावं लागतं, ते ह्यांच्या घराण्यात नाही. म्हणून नळ.

नवी नळी आणायला दोघं दौलतगंजच्या बाजारात गेलो. नळी बारीक आणि लांब हवी, नाहीतर नुसता फेस येतो, हे ह्यांनी मला रस्ताभर ऐकवलं. दुकानदार ओळखीचा. ह्यांचे आजोबा इथल्या राजदरबारचे पुरोहित, हे त्याला पाठ. "पंडितजी, किस काम के लिए चाहिए?" ह्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, "अभिषेक के लिए."

मी मेले! दुकानदाराने हात जोडले, कूलरचे पाईप बाजूला सारले आणि खाण्यापिण्याला चालणारा सगळ्यात जाड पाईप काढला. "धार मोटी गिरनी चाहिए," म्हणत हातभर कापलाही. ह्यांनी निमूट पैसे दिले. पाटणकर बाजारात दुसरा घेऊ म्हटलं, तर म्हणे तिथेही सगळे ओळखतात.

मुलगा आला त्या संध्याकाळी ह्यांनी पेला नळाखाली धरला. फेस. दुसरा पेला, फेस. तिसराही.

"जमत नाही रे मला हे," हे म्हणाले. इतक्या वर्षांत मुलाशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य.

मुलाने पेला घेतला, फेसच प्यायला, मग वाकून पाहिलं. "बाबा, केवढी जाड नळी! आणि एवढीशी? कोणी दिली?"

ह्यांना सांगावं लागलं. अभिषेक ऐकून मुलगा खो खो हसला. मग हेही हसले, जरा उशिराने.

"उद्या बारीकवाली आणू," मुलगा म्हणाला.

"दुकानात काय सांगशील?"

"बियर के लिए. तुम्ही पण चला."

"येतो."

"अरे, पण उद्या सकाळी तुझी गाडी आहे ना?" मी म्हणाले.

"तू मध्ये बोलू नकोस," हे म्हणाले.

"हो ना, आई," मुलगा म्हणाला.

एरवी मी दोघांनाही सोडलं नसतं. त्या दिवशी मुकाट्याने भजी तळायला गेले आणि गॅस पेटवायच्या आधी खूप रडून घेतलं.