आधी पाणी, मग नाव

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या शेवंतीने वागळे इस्टेटमधली नोकरी सोडली आणि सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून विकायचं ठरवलं, तेव्हा आळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. साल पंच्याण्णव. कारखान्यात सर्किटच्या पट्ट्यांना कथलाचे डाग देऊन देऊन तिचा हात बसला होता. पहिला कॉम्प्युटर चालू झाला तसं तिने हौसेने त्याच्या पाठीवर रंगाने आजीचं नाव लिहिलं, 'आवडाबाई'. होडीवर लिहितात तसंच.

जाळं विणत बसलेले तिचे बाबा, धाकू नाखवा, मान वर न करता म्हणाले, “होरी पान्यान तरली का मंगच तिचा नाव लिवाचा, पोरी.”

“बाबा, ही काय होरी हाय?” ती हसली.

आवडाबाई गेली डोंबिवलीला, हरिहरकाकांच्या घरी. बँकेतून निवृत्त झालेले काका घरबसल्या लग्नपत्रिका नि मंडळाचा दिवाळी अंक जुळवायचे. दसऱ्याला मंदाकिनीकाकूंनी यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. मग फोटोंची पानं सुरू झाली, आणि काकांचा फोन आला.

“शेवंती, तुझी आवडाबाई भारीच आळशी आहे गं! पडद्यावर एक पान उमटेस्तोवर माझा चहा निवतो.”

शेवंती आली तेव्हा काकांनी आरोपीही शोधून ठेवला होता. “हिने मूठभर हळदकुंकू ओतलंय त्या फटींतून. जाऊन बसलं असणार आत!”

“मूठभर कुठे, चिमूटभर!” काकू दारातून म्हणाल्या. पण चेहरा उतरला होता.

शेवंतीने झाकण काढलं. कुंकवाचे चार कण एका कोपऱ्यात होते खरे. 'हो काका, कुंकूच' एवढं म्हटलं असतं तर तिची सुटका होती. नवा धंदा, पहिलं गिऱ्हाईक. काका बोलके होते. सगळ्या डोंबिवलीत तिचं नाव करतील किंवा घालवतील.

तिने ते कण ब्रशने झाडले नि विचारलं, “काकू, तुमचं पाठांतर कसं आहे?”

“एकोणतिसाचा पाढा झोपेतही येतो.”

“मग पान उघडल्याबरोबर म्हणायला लागा.”

पान पुरं उमटलं तेव्हा काकू 'दाहे'वर पोचल्या होत्या. शेवंतीने मशीन पुन्हा सुरू केलं, सेटिंगमध्ये जाऊन आतल्या मुख्य बोर्डावरची कॅश बंद केली आणि तेच पान उघडलं. पुन्हा 'दाहे'.

“म्हणजे काय झालं?” काकांनी विचारलं.

“कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, काका. फोडणीच्या वेळी दर खेपेला फडताळाकडे धावायला नको, म्हणून हाताशी ठेवलेला. तो काढून घेतला तर स्वयंपाकाला वेळ लागायला हवा ना? इथे फरकच नाही.”

प्रोसेसरच्या पोटातही एक छोटी कॅश असते. ती बंद केल्यावर मात्र एकोणतिसाचा संपून तिसाचाही पाढा निम्मा झाला, तरी पान अर्धंच. म्हणजे ती धडधाकट होती. रिकामा होता तो बोर्डावरचा डबा. चिपा होत्या, पण नुसत्या शोभेच्या.

“पण सुरू होताना पडद्यावर कॅश आहे असं लिहून येतं की!” काका म्हणाले.

“तेच वाचून मीही फसले. वाचलं, पण चालवून बघितलं नाही. काकूंच्या कुंकवाचा काही दोष नाही. बोर्ड मी निवडला, तो मीच बदलणार.”

काकूंनी काकांकडे असं पाहिलं, की काका चष्मा पुसायला लागले.

मशीन घेऊन घरी आल्यावर शेवंतीने पाठीवरचं नाव खरवडून काढलं. धाकू नाखवांनी पाहिलं आणि दिवा तिच्या बाजूला सरकवला. दुसरा बोर्ड तिने दुकानातच लावून, कॅश चालू-बंद करून पारखून घेतला. व्यापारी “स्क्रीनवर येतंय ना, मॅडम?” म्हणत राहिला. ती हटली नाही.

मशीन परत डोंबिवलीला आलं. काकांनी पाठ बघितली. “अरे, नाव कुठे गेलं?”

“आधी पाढा, काकू.”

कॅश बंद ठेवून पान उघडलं. काकू 'दाहे'ला पोचल्या. मग कॅश चालू केली. “एकोणतीस एके एकोणतीस...” काकू मुद्दाम भरभर म्हणत होत्या, तरी 'सत्ते'लाच पान लख्ख समोर!

“आळस गेला की आवडाबाईचा!” काका ओरडले. “त्या क्लासवाल्या त्र्यंबकला आत्ताच फोन करतो. कॉम्प्युटर घ्यायचा तर पारखून देणारीकडूनच घे म्हणावं.”

शेवंतीने पिशवीतून रंगाची डबी नि बारीक ब्रश काढला. घरून निघतानाच तिने ती बरोबर घेतली होती. जमिनीवर मांडी घालून तिने एकेक अक्षर सावकाश काढलं.

काकू करंडा घेऊन शेजारी उभ्या. “आता लावू का गं?”

“लावा की. पण बाहेरून,” शेवंती म्हणाली, “आणि जरा जपून. नाव ओलं आहे.”