मोहाच्या झाडावर वाजणारा फोन

आईच्या फोनचा मी जितका राग केला तितका कुठल्या माणसाचाही केला नसेल. चंद्रपूरच्या दुकानदाराने तो तिला मल्टिमीडिया म्हणून विकला आणि तेव्हापासून त्याचं तेच नाव पडलं. ‘माहा मल्टिमीडिया कुठी ठेवला?’ असं विचारत ती घरभर फिरायची. बटणांचा, जाडजूड, पाठीला हा एवढा स्पीकर. त्यात फोटो निघायचा, व्हिडिओ दिसायचा, रेडिओ लागायचा, टॉर्च पेटायची आणि मेमरी कार्डात दुकानदाराने भीमगीतं ठासून भरून दिली होती. बाबांच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, ती भाजी निवडायला बसली की खालच्या मजल्यावरच्यांना कळायचं. मी तिला चांगला टचस्क्रीन फोन आणून दिला होता. तो तिने कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. ‘त्याचा आवाज बारीक हाये,’ म्हणाली. विषय संपला.

बाबा गेले आणि क्वार्टर सोडावं लागलं. कोरपन्याकडे आमचं घर आहे, भाऊबंद आहेत, पण आईला मी गडचिरोलीला माझ्याकडे घेऊन आले. मी इथल्या विद्यापीठात भूगोल शिकवते. नव्या परिसराचं काम तेव्हा जोरात होतं. एकीकडे वर्ग भरत, दुसरीकडे जेसीबी चालत. मुलींचं वसतिगृह उभं राहिलं होतं, ग्रंथालयाला स्लॅब पडायचा होता आणि जंगलाच्या बाजूला जिथे आधी नुसतं तारेचं कुंपण होतं तिथे भिंत चढत होती. आमची क्वार्टर्स अगदी त्या टोकाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोहाची झाडं दिसायची. चार-सहा झाडं परिसराच्या आत आलेली, बाकीचं जंगल भिंतीपलीकडे.

आई आल्या आल्या म्हणाली, ‘मी इथी किती दिवस राहू ते मी सांगन. तू नको सांगू.’ तिचा तो सूर मला ओळखीचा होता. मी तिची पिशवी आत नेऊन ठेवली.

त्या दिवसांत माझ्या डोक्याला वेगळाच व्याप होता. बाहेरून पाहुणे येणार होते, त्यांना परिसराची आणि आसपासच्या निसर्गाची ओळख करून देणारी एक चित्रफीत हवी होती. विद्यापीठातल्या साहेबांच्या मनात ड्रोन होता, वाट्याला माझा मोबाईल आला. सुट्टीच्या दिवशी मी एसटीने, कधी कुणाच्या गाडीने हिंडत होते. भामरागडचा नद्यांचा संगम, सिरोंच्याकडचं प्राणहितेचं रुंद पात्र, आलापल्लीचे आभाळाला टेकलेले साग, एटापल्लीच्या वाटेवरचे डोंगर, सगळं गोळा केलं. रात्रीच्या जेवणानंतर आई शेजारी बसून बघायची. एकदा म्हणाली, ‘सारं चांगलं हाये. पण यात माणूस काऊन नाई एकबी?’ मी म्हटलं, निसर्ग आहे ना आई हा. ती म्हणाली, ‘मंग तिथी लोक राह्यतच नाईत काय?’ मला राग आला आणि मी पुढचं दृश्य लावलं.

मार्च सरत आला आणि मोह गळायला लागला. पहाटे खिडकी उघडली की गोडसर, किंचित आंबूस वास आत यायचा. आईचं लहानपण मोह वेचण्यात गेलेलं. लग्नानंतर ऊर्जानगरला कोळशाच्या धुरात संसार झाला, तिथे कुठला मोह. तिने खिडकीतून दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी खराटा घेऊन आतल्या एका झाडाखाली गेली, पाचोळा झाडून एका जागी केला, जाळला, जमीन काळी आणि स्वच्छ केली. पिवळसर फुलं काळ्या मातीवर नजरेत भरतात म्हणून सगळेच असं करतात. ते झाड कुणी झाडलेलं नव्हतं, तेव्हा ते कुणाचं नाही असं तिने धरलं.

मी आडवी आले. कारण वाघ. गेल्या काही वर्षांत आमच्या बाजूला वाघ वाढलेत आणि मोहाच्या दिवसांत दर काही दिवसांनी एखादी वाईट बातमी येते. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं सगळे सांगतात. भिंत अजून अपुरी होती; नाल्यासाठी सोडलेल्या जागेतून गुरं आत येत होती, मग वाघाला कोण अडवणार? मी आईला हे सगळं भूगोलाच्या बाईला शोभेल असं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मल्टिमीडिया कमरेला खोचला.

‘गाणं सुरू ठेवतो. आवाज असला का जनावर येत नाई. साऱ्याच बाया तसंच करून राह्यल्या.’

ते खरं होतं. भिंतीपलीकडे उजाडता उजाडता चार दिशांनी चार फोन वाजत असायचे. कुठे भजन, कुठे हिंदी पिक्चरचं गाणं, कुठे गोंडी लग्नातलं. ज्या आवाजावर मी एवढी वर्षं चिडत आले, त्याच्या भरवशावर आता माझी आई जंगलाच्या तोंडाशी बसणार होती. शेवटी आमचं ठरलं. गाणं वाजतंय तोवर सगळं ठीक. गाणं थांबलं की मी धावत यायचं.

असे काही दिवस सुरळीत गेले. पहाटे ती जायची, मी ओट्याशी चहा करता करता कान लावून असायचे. गाणं झाडाच्या अलीकडून पलीकडे जायचं, परत यायचं, कधी खोडामागे गेलं की दबकं व्हायचं. ते फिरतं गाणं ऐकत मी वर्गाची तयारी करायचे. गच्चीवर मोह वाळायला लागला. आईचा चेहरा बाबा गेल्यानंतर प्रथमच उजळलेला दिसला आणि मला मनातून फार बरं वाटलं, पण मी तसं बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

त्या सकाळी चित्रफितीचं शेवटचं काम चाललं होतं. दुपारी ती साहेबांना दाखवायची होती. मी मुद्दामच कानात इअरफोन न घालता काम करत होते. बाहेर गाणं व्यवस्थित चालू होतं. एक झालं, दुसरं झालं. ऊन खिडकीत आलं तरी आई आली नाही. वाटलं, आज फुलं जास्त पडली असतील. मग हळूहळू काहीतरी खटकायला लागलं. काय ते लवकर ध्यानात येईना. आलं तेव्हा मी उठून खिडकीशी गेले. गाणं हलत नव्हतं. कितीतरी वेळापासून ते एकाच जागेवरून येत होतं.

मी खिडकीतून हाक मारली. उत्तर नाही. फोन लावला. गाणं मध्येच तुटलं आणि झाडाकडून फोनची घंटी ऐकू आली. वाजली, वाजत राहिली. कुणी फोन उचलला नाही. घंटी थांबली आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

मी तशीच अनवाणी धावले. वाटेत पहारेकरी भाऊ भेटले. माझा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही, काठी उचलली आणि भिंतीवर काम करणाऱ्या मजुरांना हाक दिली. झाडाखाली पोहोचलो तेव्हा फोन बेचक्यात दोरीने बांधलेला, जोरजोरात गातोय. खाली फुलांनी भरलेली टोपली, त्यावर आईचा टॉवेल नीट पसरून चारी बाजूंनी दगड ठेवलेले. शेजारी पाण्याची बाटली. आई नाही.

मजूर ओरडत नाल्याच्या बाजूला गेले. पहारेकरी भाऊ वाकून जमीन बघत होते. ‘मॅडम, ओढल्यावानी काई दिसून नाई राह्यलं इथी,’ ते म्हणाले. त्यांनी धीर द्यायला सांगितलं, पण ‘ओढल्यावानी’ हा शब्द ऐकला आणि मी खोडाला धरून उभी राहिले. वाघाने नेलेल्या माणसाच्या बातमीत नेहमी हेच असतं, टोपली तिथेच होती, बाटली तिथेच होती. मी अशा बातम्या वर्गात वाचून दाखवलेल्या होत्या, माणूस आणि वन्यजीव संघर्ष या धड्याला. पहारेकरी भाऊ वनखात्याला फोन लावत होते. डोक्यावर ते गाणं चाललेलंच होतं आणि ते बंद करायला माझा हात वर जाईना. बंद केलं तर आई गेली हे मी मान्य केलं, असं काहीतरी वाटत होतं.

तेवढ्यात नाल्याकडून एका मजुराचा आवाज आला, ‘हे काय, बाई येऊन राह्यल्या.’

भिंतीतल्या त्या मोकळ्या जागेतून आई आत आली. पदर खोचलेला, हातवारे करत बोलत होती. सोबत तिच्याच वयाची एक बाई, डोक्यावर रिकामी टोपली. दोघी अगदी रमतगमत. आमची गर्दी बघून आई थबकली.

‘काय झालं? कोणाले काई झालं काय?’

ती चालतेय, बोलतेय, तिची सावली जमिनीवर पडलीय, एवढंच मी बघत होते. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग राग आला. मी विचारलं, कुठे गेली होतीस?

‘ह्या बाईले सांगाले. झाड यांचं हाये.’

झालं होतं ते असं. सकाळी शेण गोळा करणाऱ्या एका बाईने आईला सहज विचारलं, की त्या म्हातारीचं झाड तुम्ही कधीपासून घेतलं? जंगलातलं मोहाचं झाड कुणा ना कुणा घरचं असतं. सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते, पण गावाला ठाऊक असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. हे झाड पलीकडच्या गावातल्या या बाईंच्या सासूपासूनचं. भिंत चढायला लागली तशी त्यांनी समजूत करून घेतली की झाड आता विद्यापीठाचं झालं. म्हणून यंदा त्या झाडायलाच आल्या नाहीत. आणि न झाडलेलं झाड बिनमालकीचं म्हणून आई वेचत बसली. कळल्यावर तिला तिथे क्षणभरही बसवेना. टोपली नेली तर चोरी, सोडली तर गुरं आणि हरणं फुलं खाणार. तिने फुलं झाकली, राखणीला फोन गात ठेवला आणि निघाली.

‘आणि मला सांगितलं नाहीस,’ मी म्हणाले.

‘गाणं सुरू होतं ना. तूच तं म्हणलं होतं, गाणं हाये तोवर सारं ठीक.’

यावर मी जे सुरू झाले ते थांबेचना. एकटी नाल्यातून गेलीस, वाघ काय विचारून येतो का, फोन माणसाने जवळ ठेवायचा असतो, त्याला झाडावर टांगून जायचं नसतं. मजूर हसू दाबत कामावर गेले. पहारेकरी भाऊंनी वनखात्याला पुन्हा फोन लावून बाई सापडल्याचं कळवलं. त्या बाई आईच्या टोपलीतली फुलं आपल्या टोपलीत घ्यायला तयार नव्हत्या. अर्धी तुमची, म्हणत होत्या. आई म्हणत होती, गच्चीवरचीही घेऊन जा, वाळत आली आहेत. मी मध्येच बोलते आहे याकडे दोघींचं फारसं लक्ष नव्हतं.

शेवटी त्या बाईंनाच राहवलं नाही. ‘तुमची पोरगी लय रागावून राह्यली तुमच्यावर,’ त्या आईला म्हणाल्या.

‘रागावू द्या,’ आई म्हणाली. ‘हिचे बाबा गेल्यापासून माह्यावर कोणी रागावलंच नाई.’

मी त्या जळक्या मातीत बसले आणि सगळ्यांसमोर आवाज काढून रडले. आईने हात वर करून दोरी सोडवली, फोन काढला आणि गाणं बंद केलं. मग ती माझ्या शेजारी बसली.