किल्लीचा रेडिओ

हे लिहायला घेतलं याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे खडूनं कापडावर माप आखणं. अप्पा शिंपी, आजोबा शिंपी, त्यांच्या आधीचेही शिंपीच असावेत. कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यातून आम्ही बेंगळूरचे. मराठी आमची घरातली, शाळा सगळी कन्नडमध्ये झाली. पुण्याकडचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसतात, मग लिहिलेलं वाचून काय करतील कोण जाणे. तरी एका रेडिओबद्दल लिहायचं आहे. तो अजून आमच्या फळीवर आहे, आणि तो का घेतला हे मांडू शकेल असं घरात दुसरं कोणी नाही.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शहराबाहेरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लेथवर होता. तो कामाला लागला म्हणून मी पुढं शिकू शकलो. सत्त्याण्णवच्या सुरुवातीला तो कारखाना बंद पडला. अण्णानं घरी सांगितलं नाही. आई सकाळी डबा भरायची, तो घेऊन निघायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा मोरीत ठेवायचा. मग अप्पांना एका गिऱ्हाइकानं सांगितलं की तुमचा मोठा मुलगा पार्कात बाकावर बसून जेवत असतो.

जेवायला बसल्यावर अप्पा म्हणाले, "पार्कात बसायचा पगार महिन्याला देतात का आठवड्याला?"

अण्णा हसला. मला वाटलं, बरं झालं, हसण्यावारी गेलं. दुसऱ्या दिवशी "काम बघून येतो" म्हणून तो डबा घेऊन गेला आणि परत आला नाही.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली ती मीच. अप्पांचं कन्नड बोलण्यापुरतं. ओळखीची खूण विचारली तेव्हा मला कपाळावरचा, हनुवटीवरचा कुठलाच व्रण आठवेना. अण्णाच्या अंगावर खूण अशी नव्हतीच. मी म्हटलं, हातात स्टीलचा तीन पुडाचा डबा, झाकणावर वडिलांचं नाव कोरलेलं. भांड्याच्या दुकानात आम्ही सगळ्याच भांड्यांवर नाव घालून घेतो. हवालदारानं मान डोलावली, चांगली खूण आहे म्हणाला. मलाही तेव्हा तसंच वाटलं. फोन नंबर कोपऱ्यावरच्या बेकरीचा दिला, कारण आमच्याकडे फोन नव्हता.

ही माहिती रेडिओवर वाचतात. संध्याकाळच्या कन्नड बातम्या झाल्या की हरवलेल्या माणसांची निवेदनं येतात. आम्ही रोज घरातल्या मोठ्या रेडिओपुढं बसू लागलो आणि एक दिवस ते आलं. अप्पांचं नाव आलं, आमचं शिवाजीनगर आलं, वय आलं, आणि वीज गेली.

त्या उन्हाळ्यात वीज रोजच जायची, त्यात नवल काही नव्हतं. आई अंधारात तशीच बसून राहिली आणि म्हणाली, "नंबर सांगितला का नाही? बरोबर सांगितला का?"

गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं, सगळ्यांचीच वीज गेली होती. मी ठाण्यात गेलो. तिथं सांगितलं की वाचलं म्हणजे वाचलं. पुन्हा हवं तर पुन्हा अर्ज द्या, कधी वाचतील ते सांगता येत नाही. मी अर्ज दिला. आईच्या मनानं मात्र घेतलं की पहिल्या वेळी नंबर चुकला, म्हणूनच फोन आला नाही. आता दुसऱ्यांदा वाचतील तेव्हा तो कानांनी ऐकायचा. चूक असली तर त्याच दिवशी धावत जाऊन दुरुस्त करून घ्यायची. म्हणून एकही संध्याकाळ चुकवायची नाही.

शेजारून ट्रान्झिस्टर आणला. तो चार दिवस बरा चालला, मग बातम्यांच्या मध्येच घरघरला आणि बसला. सेल उतरले होते.

"संपायच्या आधी सांगतो का तो सेल?" आई म्हणाली. "मला असलं काही नको. तू इलेक्ट्रॉनिक्स शिकतोस ना? वीज नको, सेल नको, असा रेडिओ असतो का बघ."

इलेक्ट्रॉनिक्स माझा बी.एस्सी.चा एक विषय होता. रेडिओ आतून कसा असतो ते मी फळ्यावर पाहिलं होतं, तेवढंच. पण घरात माझ्याकडे असं बघत होते की नाही म्हणवेना. बाजारात चौकशी केली. परदेशातून आलेल्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात समजलं की हातानं फिरवायचे रेडिओ आहेत. मी तीनदा दुकानासमोरून गेलो, मग आत शिरलो.

"क्या होना?" दुकानदारानं आमच्याकडच्या दख्खनीत विचारलं, काय हवं म्हणून.

त्यानं दोन काढून ठेवले. एक पिवळा, हातात मावणारा. त्याला छोटा दांडा, बाजूला टॉर्च आणि भोंगा. दांडा फिरवला की आतला सेल भरतो. दुसरा काळा, पाटीएवढा, जड. त्यात घड्याळासारखी मोठी स्प्रिंग. किल्ली दिली की ती हळूहळू सुटत राहते आणि रेडिओ बोलतो. "आफत का रेडिओ है," तो म्हणाला. "जलजला आओ, तूफान आओ, करंट जाओ, ये बोलताइच रहता. पर बेंगळूर में जलजला किधर आता साब? तुमकू कायकू होना?"

बेंगळूरला भूकंप कुठला, हे खरंच होतं. मी काहीतरी सांगितलं. बहुतेक, कॉलेजला हवाय असं.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर आली. तिनं दोन्ही दांडे फिरवून पाहिले. पिवळा हलका होता, तिच्या मनगटाला सोपा होता, आणि मला तोच बरा वाटत होता. मी तिला समजावलं, स्प्रिंगचा जड आहे, दर थोड्या वेळानं किल्ली द्यावी लागेल. तिनं विचारलं, "पिवळ्यात सेल आहे ना?"

"आहे, पण भरता येतो."

"आहे ना पण?"

मग तिनं दुकानदाराला बेंगळूर केंद्र लावायला सांगितलं आणि तिथल्या स्टुलावर बसली. शेतमालाचे बाजारभाव सुरू होते. सुपारी, खोबरं, गूळ, कुठल्या गावात काय भाव. बाहेर होसकोट्याच्या बसचा कंडक्टर घसा फोडून गावाचं नाव ओरडत होता आणि आई डोळे मिटून ऐकत होती. आधी पिवळा, मग काळा, मग परत पिवळा. प्रत्येक भाव ती ओठातल्या ओठात म्हणत होती.

"अम्मा सुपारी का धंदा करते क्या?" दुकानदारानं मला हळूच विचारलं.

"आकडे," आई डोळे न उघडता म्हणाली. "आकडे कळायला पाहिजेत. पिवळ्यात आकडे बोबडे येतात."

म्हणून काळा घेतला. पैसे कसे जमवले ते इथं लिहीत नाही.

घरी अप्पा मशीनवर होते. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं. "माझं मशीनपण पायानं चालतं," ते म्हणाले. "वीज नको, सेल नको. त्यातून अजून कुणी बोललं नाही."

आई किल्ली देत होती. दोन्ही हात लावावे लागत, आणि शेवटच्या फेऱ्यांना तिचे खांदे वर यायचे. मी पुढं झालो की म्हणायची, "तू अभ्यास कर."

रेडिओबरोबर इंग्रजीत एक कागद आला होता. संकट येण्याआधी घरानं काय तयारी ठेवावी ते त्यात होतं. आईनं तो माझ्याकडून वाचून घेतला. एका पिशवीत पाणी, टॉर्च, कोरडं खाणं, एक उबदार कपडा आणि जरुरीचे कागद भरून ती दाराजवळ ठेवावी. मी वाचायचं म्हणून वाचलं. दोन दिवसांनी पाहतो तर दाराच्या खुंटीवर जाड खाकी कापडाची पिशवी. तिच्यात बाटली, टॉर्च, चिवड्याचा डबा, अण्णाचा स्वेटर, त्याचा धुतलेला शर्ट आणि फोटो. फोन आला की त्याच पावली निघायचं, तयारीत वेळ घालवायचा नाही, म्हणून. खाकी कापड शाळेच्या युनिफॉर्ममधून उरलेलं होतं. पिशवीला दुहेरी शिवण होती आणि बंदांना आतून पट्टी लावलेली होती. अशी शिवण आईला येत नाही. अप्पांना मी काही विचारलं नाही.

मग रोज संध्याकाळी किल्ली. वीज असली तरी किल्लीचाच रेडिओ, मध्येच गेली तर काय म्हणून. बातम्या संपत, निवेदनं येत. दुसऱ्यांची मुलं, दुसऱ्यांचे म्हातारे, एकदा लग्न ठरलेली एक मुलगी. आई प्रत्येकाचा नंबर ओठात म्हणायची. स्प्रिंग सुटताना आतून बारीक सुर्र असा आवाज येई.

पावसाळा येऊन गेला. चिवडा मऊ पडला की आई नवा भरायची.

एका संध्याकाळी आमचं निवेदन आलं. वीज गेली नव्हती, दिवा चांगला लख्ख होता. अप्पांचं नाव, गल्ली, वय. गव्हाळ वर्ण, सडपातळ. मराठी, कन्नड बोलतो. हातात स्टीलचा डबा, झाकणावर वडिलांचं नाव. आणि मग बेकरीचं नाव, तिचा नंबर. निवेदिकेनं तो सावकाश वाचला, एकेक आकडा सुटा. आई तिच्या मागोमाग म्हणत गेली. बरोबर होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर.

आईनं पिशवी खुंटीवरून काढली आणि बेकरीत जाऊन बसली. बेकरीवाल्यानं तिला आतलं स्टूल दिलं. फोन वाजला की तो उचलायचा, तिच्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. केकची ऑर्डर असायची, नाहीतर कोणीतरी मैद्याबद्दल विचारत असायचं. दुकान बंद करताना तो म्हणाला, "अक्का, स्वल्प दम धरा. उद्या येईल."

दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. आई महिनाभर रोज जात राहिली, मग एक दिवसाआड, मग गल्लीतून जाताना नुसतं आत बघायची. बेकरीवाला आधीच मान हलवायचा. आता नंबर चुकला असेल असं म्हणायचीही सोय राहिली नव्हती. तो रेडिओ घेतला नसता तर तेवढी तरी जागा राहिली असती, असं मला वाटायचं. आईला काय वाटायचं ते तिनं सांगितलं नाही. किल्ली मात्र चालू होती.

मी बी.एस्सी. झालो. निकाल घेऊन आलो तेव्हा अप्पा म्हणाले, "सरी," म्हणजे कन्नडमध्ये बरं. मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला कळवायला पाहिजे होतं." एवढं एकदाच ते अण्णाबद्दल बोलले.

त्यानंतर काही महिन्यांनी, दुपारच्या वेळी, बेकरीवाला एका माणसाला घेऊन आमच्या दारात आला. माणूस तिशीचा असेल, अंगात मळका शर्ट. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तो कन्नडमध्ये बोलत होता, मी मराठीत लिहितो. त्यानं कागद सोडला. आत आमचा डबा होता. घासून लख्ख केलेला.

अप्पांचा पाय मशीनवर थांबला.

तो होसकोट्याच्या एका गोदामात हमाल होता. अण्णा तिथं त्यांच्याबरोबर होता, सात-आठ महिने. पेट्या उचलायचा, हिशेब ठेवायचा, कुणाशी भांडण नाही. संध्याकाळी सगळे शेडमध्ये जेवायला बसत तेव्हा रेडिओ लावलेला असे.

"एकदा हे सगळं आलं त्याच्यावर," तो म्हणाला. "डब्याचं आलं तसं आम्ही सगळ्यांनी डब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मी म्हटलं, अरे, हा तूच ना? तर म्हणाला, माझ्यासारखे पुष्कळ असतात. आणि जेवला पण पूर्ण. सकाळी उठलो तर तो नव्हता. कपडे नेले, डबा ठेवून गेला. डब्यावरून ओळखतील म्हणून ठेवला असणार. कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही. एवढे महिने मी त्याच डब्यात जेवत होतो, अम्मा. पण जेवण गोड लागेना. बेकरी, गल्ली, सगळं रेडिओवर ऐकलेलं लक्षात होतं."

होसकोट्याची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते.

आईनं डबा मांडीवर घेतला. झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग तिनं त्या माणसाला एवढंच विचारलं, "तिकडं नंबर नीट ऐकू आला होता का?"

"हो अम्मा," तो म्हणाला. "एकेक आकडा स्पष्ट. तो शेवटपर्यंत ऐकत बसला होता."