माणशी सहा लिटर

रिटायर झालेल्या ड्रायव्हरला लोक सुखानं बसू देत नाहीत, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. तेहतीस वर्षं बस चालवली, कंबर कामातून गेली, आणि आता कुठं कळंबच्या घरात पाय पसरून पेपर वाचावा म्हटलं तर पुण्याहून भाच्याचा फोन. मामा, वाळवंटात जायचंय. चार जीपा, पाच मुक्काम, जैसलमेरच्याही पुढं, रस्ता संपतो तिथून आत. हॉटेल नाही, गाव नाही, मोबाइलला रेंज नाही. मी म्हटलं, मग जायचं कशाला? तो हसला. त्याला वाटलं मामा गंमत करतायत.

गंमत कसली. आमच्या दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसानं रजा टाकून कोरड्या रानात राहायला जायचं, ह्याला काय म्हणावं? पण त्याला गाडी चालवायला दुसरा माणूस हवा होता, जीप तयार करून देणाराही हवा होता, आणि दोन्हीला मामा आयता बसलेला. एका रविवारी त्यानं जीप आणून माझ्या दारात लावली, चार पानांची यादी हातात दिली आणि जेवून परत गेला.

खरं सांगायचं तर मी हो म्हटलं ते अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, ह्या भाच्याची आई. सास्तूरला एकटी राहते. दाजी फौजेत होते आणि त्यांची निम्मी नोकरी त्या वाळवंटात गेली. रजेवर आले की त्यांच्या ट्रंकेच्या कोपऱ्यातनं बारीक वाळू निघायची, अक्का ती झाडून बाहेर टाकायची. एकदा तुला दाखवतो, असं ते म्हणायचे. नोकरी संपली, दोन वर्षांत दाजीही गेले आणि दाखवायचं राहून गेलं. भाच्यानं घरात सहज विषय काढला तेव्हा अक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, मी येणार. मग कुणाची बोलायची टाप होती?

अडचण एवढीच होती की अक्काला मूतखड्याचा त्रास. वर्षभरात दोनदा लातूरला ॲडमिट करावं लागलं. डॉक्टरांचं एकच सांगणं, पाणी प्या, दिवसाला तीन लिटर तरी प्या. आणि जीपवाल्यांचा नियम असा, की आजारी माणूस न्यायचा नाही, कारण तिथून दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. शेवटी भाच्यानं तोड काढली. निघायच्या आधी सगळं सामान भरून इथल्याच एखाद्या माळावर एक दिवस काढायचा. अक्का दिवसभर ठीक राहिली तर येईल, नाहीतर नाही. अक्का म्हणाली, बरं. आणि पिशवी घेऊन पंधरा दिवसांसाठी आमच्याकडं राहायला आली.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. यादी वाचूनच दमायला व्हायचं. टायरमधली हवा कमी करायची, कारण वाळूत फुगलेला टायर रुततो. मग परत भरायला छोटा पंप. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या. फावडं. ओढायला जाड पट्टा. डिझेलचे दोन कॅन. तंबू, गॅस, रात्रीच्या थंडीची पांघरुणं. ह्यातलं एक आणायला जावं तर दुकानदार दुसरंच दाखवायचा, आणि घरी आलो की भाच्याचा मेसेज, मामा, यादीत अजून तीन गोष्टी वाढल्यात. सगळं जीपमध्ये रचायचं, पट्ट्यानं आवळायचं, हलवून बघायचं, काही खडखडलं की परत उतरवायचं. जिना चढून वर जायचं म्हटलं तरी कंबर बोंब मारायची.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकलं नाही, पाण्याच्या. यादीत माणशी चार लिटर लिहिलं होतं. मी खोडून सहा केलं. पाण्याचं आम्हाला पुण्याच्या लोकांनी शिकवायचं? टँकरच्या मागं पळण्यात आमची उमर गेलीय. कोणत्या हंड्यात किती बसतं, कुठल्या कॅनचं बूच झिरपतं, हालणाऱ्या गाडीत पाणी कुठं ठेवावं, हे मला झोपेत विचारा. आमच्या जीपमध्ये चौघं, मी, अक्का, भाचा आणि त्याचा एक मित्र. सहा दिवसांचा हिशोब घालून मी वीस लिटरचे आठ कॅन घेतले, तीनतीनदा धुतले, दोन दिवस भरून ठेवून कुठला गळतोय ते बघितलं. अक्कासाठी वेगळी बाटली, तिच्यावर खडूनं रेघा मारल्या, म्हणजे किती प्यालं ते कळावं. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

इकडं स्वयंपाकघरात अक्का आणि माझी बायको कडक भाकरी करत होत्या. पातळ थापायच्या, भाजायच्या, मग वाळवून पापडासारख्या करायच्या, महिनाभर हलत नाहीत. शेंगाची चटणी कुटली. बायको एकीकडं काम करायची आणि एकीकडं मला ऐकू जाईल असं पुटपुटायची, की माणसं सुखाचा जीव दुःखात घालतात. ती येणार नव्हतीच. तीस वर्षांत ती माझ्यासोबत लांबच्या प्रवासाला आली असेल चार वेळा. घर कोण बघणार, हे तिचं ठरलेलं उत्तर, आणि मीही त्यावर कधी दुसरा प्रश्न विचारला नाही.

तालमीचा दिवस आला. भाचा आणि त्याचा मित्र आदल्या दिवशीच आले होते. सकाळी सातला निघालो आणि गावाबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या माळावर जीप घातली. मुद्दामच उघडा माळ निवडला होता. झाड नाही, बांध नाही, कुसळाशिवाय काही नाही. भाचा खूश झाला, म्हणाला, मामा, अगदी वाळवंटच शोधलं तुम्ही.

तंबू लावले, चूल मांडली, चाकं मुद्दाम रुतवून फळ्या घालून काढली. दिवाळी होऊन गेली होती, पण दुपारचं ऊन चांगलंच लागत होतं. अक्का तंबूच्या सावलीला बसून सगळं बघत होती. मी दर तासाला विचारत होतो, पाणी प्यालात का? ती म्हणायची, प्याले की. बाराला विचारलं, प्याले. दोनला विचारलं, प्याले. आम्ही तिघं पुरुष ढसाढसा पाणी पीत होतो आणि जरा पलीकडं जाऊन पाठ फिरवून मोकळे होत होतो. एवढ्या उघड्या माळावर त्यात काय अवघड?

चारच्या सुमाराला अक्का उठायला गेली आणि चाकाला धरून तशीच खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. एका हातानं कंबर धरली होती. भाचा धावला. मी बाटली उचलली तर ती गच्च भरलेली, पाणी माझ्या एकाही खडूच्या रेघेखाली गेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मागाहून कळलं.

माझा तोल गेला. दमलेला माणूस लवकर चिडतो. मी सगळ्यांसमोर बोललो, की आठ कॅन भरलेत, एकशे साठ लिटर पाणी आहे, लहान लेकराला सांगावं तसं तासातासाला सांगतोय, मरायचंय का तुम्हाला? दाजींची वाळू बघायचीय ना?

अक्कानं आधी लेकाच्या मित्राकडं बघितलं. तो बिचारा उगाच दोर गुंडाळायला लांब गेला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुझं पाणी लई हाय रं. पिऊन जायचं कुठं? आडोसा कुठं हाय इथं?"

चार पानांची यादी होती. हवेचा पंप होता, फावडं होतं, दोन प्रकारचे दोर होते, बारक्या स्क्रूचा डबासुद्धा होता. आडोसा कुणी लिहिलाच नव्हता, कारण लिहिणारे आणि वाचणारे सगळे बाप्ये होतो.

सामान आवरून परतलो. अक्काला ओआरएस पाजलं, दवाखान्यात दाखवलं. रात्रीपुरतं ठेवून सकाळी सोडलं. घरी आल्यावर भाच्यानं तिच्याजवळ बसून सांगितलं, की आई, ह्या वेळी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. अक्का म्हणाली, बरं. कडक भाकरीचा डबा उचलून तिनं त्याच्या सामानात नेऊन ठेवला, आणि माझ्या बायकोला विचारलं, सास्तूरला जायला दुपारची गाडी किती वाजता असते.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अपराधी वाटत होतं, आणि ते एकट्या अक्काबद्दल नव्हतं. तेहतीस वर्षं मी बस चालवली. दोन स्टँडांच्या मधे कुणी पुरुष पुढं यायचा, मास्तर जरा थांबवा म्हणायचा, आणि मी उघड्या रानात गाडी उभी करायचो. पंधरावीस गडी उतरायचे, रांगेनं उभे राहायचे, बिडी ओढून परत चढायचे. बायका जागेवरच बसून असायच्या. मी आरशात बघायचो आणि मनात म्हणायचो, बघा, बायकांचं बरं असतं, त्यांना लागत नाही. देवाशपथ, मला खरंच तसं वाटायचं. त्या बायका घरून निघताना घसा कोरडा ठेवून निघत होत्या, हे मला साठीला आल्यावर एका माळावर कळलं. बायकोला विचारलं, तुला हे माहीत होतं का? ती भांडी घासत होती. म्हणाली, "सगळ्या बायकांना माहीत असतं." एवढंच. घर कोण बघणार ह्याचा अर्थही मला तेव्हाच लागला.

दुपारच्या गाडीला मी अक्काला जाऊ दिलं नाही. भाचा तोवर पुण्याच्या वाटेला लागला होता, त्याला फोन लावून सांगितलं, की तालीम तुझी आई नापास झाली नाही, आपण झालोय. येत्या रविवारी परत तालीम. तो म्हणाला, मामा, परत एवढ्या लांब यायचं म्हणजे, दमलोय मी. मी म्हटलं, मी तुझ्यापेक्षा जास्त दमलोय, तरी ये.

मग मंडपवाल्याकडं गेलो. चार पाइप, वर कडी, चहूबाजूंनी कापड, पाच मिनिटांत उभं राहील आणि घडी केली की सतरंजीएवढं होईल, असं काहीतरी शिवून घेतलं. अंगणात उभं केलं. अक्कानं बायकोला आत पाठवलं आणि मला बाहेरून बघायला लावलं. दुपारच्या उन्हात आतलं माणूस सावलीसारखं स्पष्ट दिसत होतं. अक्का म्हणाली, हे आडोसा म्हणून मला द्यायला निघालास व्हय? परत नेलं, आत जाड काळं अस्तर लावून घेतलं. खालून हात दोन हात उघडं राहत होतं, तिथं झालर लावली. गुडघ्यांमुळं अक्काला खाली बसता येत नाही, तर बायकोनंच सुचवलं म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीला मधे गोल भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. आणि हे सगळं ठेवायला जीपमध्ये जागा नव्हती. माझ्या कंबरेसाठी मी घडीची खाट घेतली होती, ती काढली. काढताना मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या तालमीला त्याच माळावर गेलो. अक्का दिवसभरात चारदा तिकडं जाऊन आली. तेवढ्या वेळा आम्ही तिघं जीपच्या दुसऱ्या बाजूला जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिलो. बाटली दोनदा रिकामी झाली. संध्याकाळी भाच्यानं बाकीच्या जीपवाल्यांना मेसेज टाकला, की आई येतेय. तासाभरानं दुसऱ्या जीपवाल्याचा फोन आला. त्याची बायको विचारत होती, ते आडोशाचं खरंच नेणार आहात का? नेणार असाल तर तीपण येते म्हणाली.

निघायच्या दिवशी पहाटे माझं अंग मोडून आलं होतं. झोप झाली नव्हती, पुढं दोन दिवसांचा नुसता हायवे होता, आणि वाळवंट बघायची मला तेव्हाही काडीची हौस नव्हती. कॅन शेवटचे मोजले, पट्टे आवळले. बायकोनं चहा दिला. अक्काला द्यायला गेली तर ती म्हणाली, चहा नंतर, आधी पाणी आण. बायकोनं तांब्या भरून आणला. अक्कानं तो उभ्यानंच पूर्ण रिकामा केला, तोंड पदरानं पुसलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

केज मागं पडलं तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दोन्ही बाजूंना उघडी रानं होती. भाचा माझ्या शेजारी पेंगत होता, त्याचा मित्र मागं मोबाइल बघत होता. तेवढ्यात मागून अक्का बोलली. कुजबुजून नाही, तिघा पुरुषांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं.

"गाडी थांबव रं. मला जायचंय."

इतक्या वर्षांत माझ्या गाडीत कुठल्या बाईनं हे मला म्हटलं नव्हतं. मी आरशात मागचा रस्ता बघितला, गाडी कडेला घेतली आणि आडोशाचे पाइप काढायला खाली उतरलो.