बंकट सोनाराने पारखलेला रुपया

धारूरच्या बाजारात बंकट सोनार जुनं नाणं कसं बघतो, ते बघायला माणसं थांबत. नाणं तो कडेने धरी, मधे बोट लागू देत नसे. उन्हात तिरपं करून आधी सगळ्यात उंच अक्षर बघे, कारण झीज तिथूनच सुरू होते. मग किनार. हैदराबादच्या शौकीन लोकांना तो अशी नाणी पुरवायचा आणि त्यांचा एक हट्ट त्याला पाठ होता. नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेली काळसर कांती त्यांना जशीच्या तशी लागे.

असा हा बंकट एका माणसावर डूख धरून बसला होता. दिंद्रुडचे जमीनदार आप्पाराव. त्यांचे तोडे हिणकस आहेत असं बंकटचा बाप धोंडीराम तोंडावर बोलला, तर आप्पारावांनी त्यालाच चोर ठरवलं आणि डोक्यावर पायताण देऊन भर बाजारातून फिरवलं. धोंडीराम त्यानंतर दुकानात बसलाच नाही. वर्षाच्या आत गेला. बंकट तेव्हापासून आप्पारावांना वाकून रामराम घाली आणि पाठ फिरली की दातओठ खाई. अशी गोष्ट विसरणाऱ्याला मी तरी माणूस म्हणणार नाही.

एक दिवस आप्पाराव आपणहून दुकानाची पायरी चढले. जुन्या नाण्यांचे वेडे असलेले एक नवाबसाहेब धारूरचा किल्ला बघायला येणार होते आणि दिंद्रुडला आप्पारावांच्या वाड्यावर उतरणार होते. त्यांना नजराणा द्यायचा आणि पोरगा मोहनराव याला हैदराबादेत नोकरीला चिकटवायचा, असा बेत होता.

"हे बघ बे," त्यांनी कापडातून शहाजहानी रुपया काढला. "चांगला हाय का न्हाई, खरं सांग."

बंकटने रुपया कडेने धरून उन्हात तिरपा केला. अक्षर न् अक्षर भरलेलं, किनारीचे दाणे शाबूत, उंचवट्यावर झीज नाही आणि वर निळसर काळी साय. पिढ्यान्पिढ्या तो कापडातून बाहेर निघालाच नसावा. नवाब हा बघून मोहनरावाला स्वतःच्या हाताने खुर्ची देतील, हे बंकटला तिथंच कळलं.

"लई चांगला हाय, मालक. पर असा काळाकुट्ट तुकडा सायबाम्होरं ठिवणार का? दिवाळीला देव घासता तसा घासा. चिंच आन राख. लखलखला पायजे."

आप्पारावांना पटलं. न पटायला काय झालं? लक्ष्मीपूजनाला घरोघर चांदी अशीच उजळतात. त्यांच्या बायकोने, जानकीबाईंनी, मनगट दुखेपर्यंत रुपया घासला.

नवाबांनी भिंग लावलं आणि रुपया परत सरकवला. असल्या खरवडलेल्या नाण्याला आमच्या पेटीत जागा नाही, म्हणाले. मोहनरावाचा विषयसुद्धा निघाला नाही.

बातमी धारूरला पोचली तेव्हा बंकटने बायकोला, सुंदरबाईला, पुरण घालायला लावलं. आता फक्त आप्पारावांचं पडलेलं तोंड बघायचं बाकी होतं. बाजारच्या दिवशी ते आले, पण ऐटीत.

"तुजं काय चुकलं न्हाई, बंकट. रुपया आरशावानी झालता. त्या नवाबालाच पारख न्हाई." बैठकीवर टेकत ते हसले. "तू इमानदार हाईस. बापासारखा चोर न्हाईस."

बंकटच्या अंगाची लाही लाही झाली. गप्प बसला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण ज्याला लागलंच नाही, त्याच्यावर कसला सूड? तो उठून उभा राहिला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला.

"मालक, रुपया लाखात एक होता! म्या मुद्दाम घासाया लावला. पोराची नोकरी तुमी सोताच्या घरात घासून काडली. कावून सांगू? मी धोंडीरामाचा पोरगा हाय!"

आप्पारावांचं तोंड पांढरंफटक पडलं. बंकट ते पोटभर बघत राहिला.

दिवस मावळायच्या आत आप्पारावांच्या माणसांनी त्याचं दुकान फोडलं. बंकट सुंदरबाईला घेऊन मांजरसुंब्याच्या वाटेला लागला. वाटेत जो भेटेल त्याला तो ही हकीकत सांगत होता, आणि सुरुवात दर वेळी बापाच्या नावाने करत होता.