देव्हाऱ्यात राहिलेला रोटर

मी मिस्त्री माणूस. भूत, देवचार, अंगात येणं... कुणी असलं काही सांगू लागलं की मी उठून चहाला जायचो. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं, चालू झालं तरी कारण असतं, एवढंच माझं शास्त्र. त्या शास्त्राला तडा गेला तो माझ्याच लग्नात.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बेळगावात शहापूरला आमचं घर, आणि विणकरांच्या साड्या बाजारगावी पोचवणारी आमची जुनी व्हॅन. निपाणीला मुलगी बघायला तीच घेऊन गेलो, तर ती नेमकी मुलीच्या दारात बंद पडली! मुलगी मला पसंत, मी तिला पसंत — पण तिचे आप्पा तंबाखूचे व्यापारी, जिभेनं तिखट. चारचौघांत म्हणाले, "पोरगी देतो. पण ह्या गाडीपायी गोरज मुहूर्त चुकला, तर तसंच माघारी जावा. मांडवात दुसरा नवरा उभा करीन." बोलले तसं करणारा माणूस तो.

म्हणून लग्नाच्या सकाळी, हळद लागलेल्या अंगानं मी बॉनेट उघडून बसलो. प्लग बदलले, पॉइंट घासले. राहिला रोटर — कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटून देणारा अंगठ्याएवढा तुकडा. जुना काढताना हातातच मोडला. तो गाडीतल्या हत्यारपेटीत टाकून नवा डबीतून काढतोय, तोच आई आली.

"हळदीच्या हातानं काळं तेल ढवळतोस व्हय रं? आण ते इकडं. नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय बसवायची न्हाय."

रोटर देव्हाऱ्यात गेला. धूळ नको म्हणून मी, रोटर ज्यात बसतो त्या डिस्ट्रिब्यूटरची कॅप नुसती लावून ठेवली... आणि मग वाजंत्री, मुंडावळ्या, घाई! हातात कट्यार घेतलेल्या नवरदेवाला हँडल कोण मारू देतंय? थोरल्या भावानं, अण्णानं मारलं. पहिल्या फेऱ्यात गाडी सुरू!

काय पळाली म्हणून सांगू! भीतीनं वाटेत इंजिन बंद केलंच नाही. संकेश्वरला ऊस घेतला, बायकांनी गाणी म्हटली, तवंदीचा घाट एका दमात चढलो. निपाणीत पोचलो तेव्हा आप्पा अजून कोटाची बटणं लावत होते. त्यांचा चेहरा बघून मला लग्नाइतकाच आनंद झाला. गोरजाला अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी नवरी व्हॅनमध्ये बसली, रडारड झाली, अण्णानं हँडल मारलं. एकदा, दहादा... ढिम्म. मी कॅप उघडली.

"रोटर कुठाय रं?" अण्णा म्हणाला.

माझा हात हत्यारपेटीत गेला. जुना तिथंच होता, दोन तुकडे. नवा देव्हाऱ्यातच राहिला होता. त्याशिवाय गाडी सुरूच होऊ शकत नाही हो! आणि आम्ही पन्नासेक मैल आलो होतो.

मागून एक म्हातारी म्हणाली, "गाडीलाबी म्हायेर सोडवंना गं!" आणि रडणारी माझी नवरी खळखळून हसली. ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं, तिथंच विरघळलो. आप्पासुद्धा हसले. "ऱ्हावा आता दोन दिस, जावईबापू."

अण्णा प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं घरी जाऊन रोटर घेऊन आला. रिवाजाप्रमाणे आई लग्नाला आली नव्हती. आम्ही निघाल्यावर तिला तो देव्हाऱ्यात दिसला, गल्लीच्या तोंडापर्यंत पळाली, पण आम्ही गेलेलो. मग गोरज टळेपर्यंत उपाशी, देवापुढं हात जोडून बसून राहिली.

मी रोटरवरचं कुंकू पुसलं. कोरा माल तो, टोकाचं पितळ चकचकीत पाहिजे. ते ठिणग्यांनी काळं पडलं होतं — पन्नासेक मैल चाललेल्या रोटरचं पडतं, अगदी तेवढं.

कारण असणारच. मला ते अजून सापडलेलं नाही. व्हॅन मोडीत गेली, रोटर मात्र देव्हाऱ्यात आहे. बायको रोज त्याला हळदकुंकू लावते, आणि मला हसते.

तेवढा वेळ मी चहाला उठून जात नाही.